हर्णैच्या वाटेवरचं वळण

रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे चारच बायका उरल्या होत्या, तेवढ्यात शेजारची पार्वती धापा टाकत आली नि म्हणाली, "सुमन, रांग सोड. तुझ्या नणंदबाई उठत नाहीयेत गं." खरं सांगते, ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता माझा नंबर जाणार. मग डबा तिथेच टाकून धावत सुटले. वन्सं जेवून आडव्या झाल्या होत्या, तशाच होत्या... कुशीवर, हात उशाखाली घेऊन. महिना होऊन गेला त्याला. येणारी-जाणारी माणसं म्हणतात, बाईला मरण किती सुखाचं आलं. आलं असेल. मला मात्र त्या रॉकेलच्या विचाराची अजून लाज वाटते. पण दमलेल्या बाईच्या डोक्यात आधी रॉकेलच येतं, त्याला मी तरी काय करू?

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, चंद्राबाई. आमचं घर मूळ कुरुळीचं. पिंपरीत कंपन्या निघाल्या तसे आमचे हे कामाला लागले आणि आम्ही पिंपळे गुरवात दोन खोल्या घेऊन राहिलो. वन्संचे यजमान ट्रकवर ड्रायव्हर. पिंपरीतून माल भरून कोकणात जायचे, दापोलीपर्यंत. परत आले की बायकोला सांगायचे, दापोलीहून हर्णैला उतरताना एक वळण लागतं. तोवर नुसती झाडी आणि लाल धूळ, आणि गाडी वळली की एकदम समोर समुद्र. "तुला एकदा शेजारी बसवून नेतो," म्हणायचे. नेलं नाही. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत माणूस गेला. वन्संना मूलबाळ नव्हतं. त्या भावाकडे आल्या, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागल्या, आणि आमच्याच होऊन राहिल्या. त्यांनी आमच्याकडे कधी धड लुगडंसुद्धा मागितलं नाही. मागणं एकच होतं, ते वळण एकदा डोळ्यांनी बघायचं. आणि तेवढ्याला आमच्या घरात कधी सवड झाली नाही. एका वर्षी माझं बाळंतपण, एका वर्षी यांच्या कंपनीचा संप, एका वर्षी पोरांना गोवर... दर वेळी वन्सं म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या. वळान काय पळून जातंय व्हय?"

मग एकदा त्यांच्या पॅकिंगच्या बायकांनीच सहल ठरवली. कंपनीची गुरुवारची साप्ताहिक सुट्टी धरून तीन दिवस, भाड्याची बस, आणि मुक्काम हर्णैला. वन्संनी दोन जागा धरल्या, एक त्यांची, एक माझी. त्या आठवड्यात आमच्या घराचं पॅकिंग डिपार्टमेंट झालं होतं. वन्संनी गेटपास काढून कंपनीतनं रद्दी खोकी आणली. भाकऱ्या कापडात, चटणी दुहेरी कागदात, लिंबं, आवळासुपारी, बसायला जुनं लुगडं, माझ्या मानेखाली घ्यायला इवलीशी उशी. सगळं असं ठासून बसवलं की खोकं हलवलं तरी आतून आवाज येऊ नये. वर पट्टी चिकटवायच्या आधी आत एक चिठ्ठी टाकली, त्यावर त्यांचा सत्तेचाळीस नंबर. कंपनीत प्रत्येक खोक्यात पॅक करणारीचा नंबर जातो, म्हणजे माल कमी निघाला तर कुणाला धरायचं ते कळतं. मी म्हटलं, "वन्सं, चटणी कमी पडली तर मी तक्रार कुठं करायची?" तर हसून म्हणाल्या, "माझ्याकडंच. दुसरी कोन हाय तुला?" उलटीच्या गोळ्यांची पुडी मात्र खोक्यात न घालता माझ्या कनवटीला लावली. मला एसटीच्या वासानंसुद्धा मळमळतं, त्यांना ठाऊक होतं. "घाटाच्या आदी येक खा. येकच. लई झोप येती तिनं."

निघायला दोन दिवस असताना सासूबाई मोरीत घसरल्या आणि पाय मोडला. प्लास्टर घालून घरी आणलं. कूस बदलायलासुद्धा माणूस लागायचं. यांची शिफ्ट, पोरं लहान. कुणीतरी एकीनं घरी राहायला हवं होतं, आणि सून मी होते. मी म्हणाले, "वन्सं, तुम्ही जा. मी थांबते."

"आई माझी हाय," त्या म्हणाल्या. "तू जा. वळान नीट बघून ये आनि मला सांग."

मी एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाही. बारा वर्षं वाट बघितलेल्या बाईला दोनदा आग्रह करायला माझी जीभ रेटली नाही... कारण मलाही जायचं होतं. लग्न झाल्यापासून मी राजगुरुनगरच्या माहेराशिवाय कुठं गेले नव्हते. हे आज लिहिते आहे, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

वरंधा घाटात एका गोळीवर निभावलं. महाडला जेवायला उतरलो आणि तिथं आमची फजिती झाली. सगळ्याच बायका पॅकिंगच्या, सगळ्यांचीच खोकी एकाच कंपनीची, एकसारखी चिकटवलेली, आणि नंबराची चिठ्ठी आत! कुणाचं खोकं कुठलं ते फोडल्याशिवाय कळेना. कुणाचं लोणचं कुणी खाल्लं देव जाणे. हसून हसून पोटं दुखली. पुढं कशेडी घाट आहे म्हणून मी आणखी एक गोळी घेतली. अख्खी. वन्संनी बजावलं होतं तरी घेतली. आणि डोळे उघडले तेव्हा बस हर्णैच्या बंदरावर उभी होती, मासळीचा वास येत होता आणि शेजारी बसलेली, वन्संच्या पॅकिंगमधली कमळताई मला गदागदा हलवत होती. कपाळ माझं! ज्याच्यासाठी पाठवलं होतं तेवढंच सोडून सगळं बघितलं. परतताना डोळे फाडून बसले, पण चढाला समुद्र पाठीमागे राहतो, आणि सगळी वळणं एकसारखीच दिसत होती.

घरी आले तर वन्संनी पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. सासूबाईंना पेज भरवत होत्या, चमचा तसाच हातात. "आलं का वळान?"

मी म्हटलं, "आलं."

मग सांगितलं. त्यांच्या यजमानांचेच शब्द त्यांना परत दिले आणि वर माझे घातले, की झाडी संपली, गाडी वळली, सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. वन्सं ऐकत राहिल्या. पेज गार झाली. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी ते खरंच सांगत व्हते."

त्यानंतर दर गुरुवारी, दुपारी घरातली जेवणं झाली की हाक यायची, "सुमन, हिकडं ये. वळान सांग." मी जायचे, त्यांच्याजवळ भिंतीला टेकायचे, सांगायचे. कधी होड्या घालायचे, कधी सूर्य. एकदा समुद्र डावीकडे सांगितला, पुढच्या खेपेला उजवीकडे. त्यांनी कधी टोकलं नाही. "व्हय," म्हणायच्या, आणि डोळे मिटायच्या. मला त्या हाकेचा कंटाळा यायचा, रागही यायचा. खोटं बोलून बोलून माणूस दमतं. पुढच्या वर्षी सहल दुसरीकडे गेली. मग वन्संचे गुडघे गेले, मग दम लागायला लागला. हे दोनदा म्हणाले, अक्काला गाडी करून नेऊन आणू. राहिलंच.

परवा, गुरुवारीच, कमळताई भेटायला आली. चहा दिला, आणि माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "कमळताई, मी त्यांना फसवलं हो. मी झोपले होते. जन्मभर खोटं सांगितलं."

कमळताई म्हणाली, "अगं, तिला माहीत होतं की! सहलीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला मीच हसत हसत सांगितलं, तुझी भावजय महाडपासून घोरत होती म्हणून."

मी विचारलं, "मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, कुनाला बोलू नगंस. बरं झालं झोपली. घरात तिला झोप कुठं मिळती?"

"मग इतकी वर्षं माझ्याकडनं वदवून का घेत होत्या? माझी परीक्षा बघत होत्या का?"

"मीपण विचारलं होतं तसं," कमळताई म्हणाली. "तर म्हणाली, पहाटं नळावर उबी ऱ्हाती, ती रातच्याला पाठ टेकती. ये बस म्हटलं तर काम हाय म्हनती. वळान सांग म्हटलं की तेवढी घटकाभर बसती तरी."

मला रडू आवरेना. कमळताई गेली, पोरं शाळेतून आली, चहा मागायला लागली. त्यांना म्हटलं, आज तुमचा तुम्ही करून घ्या. आणि मी भिंतीला टेकून तशीच बसून राहिले.