न वळलेली मान

डॅन्यूबकाठच्या रूसे गावच्या वाचनालयात मेतोदी काराजोव्हची तीन पुस्तकं आहेत. तिन्ही हेरगिरीच्या इतिहासाची. कोणी कोणाला फितवलं, कोण कुठे पकडला गेला, सगळं त्याला तोंडपाठ. भाषणाला उभा राहिला की थांबायचं नाव नाही. पण कोणी विचारलं, "तुम्ही स्वतः काय काय पोचवलंत हो?" की गडी हसून हात झटकायचा. "मी नुसता पोस्टमन! पाकिटात काय होतं ते पोस्टमनला विचारू नये."

खोटं नव्हतं ते. तरुणपणी तो व्हिएन्नाच्या गाडीत शयनडब्याचा सेवक होता. प्रवाशांना चहा द्यायचा, अंथरुणं घालायची आणि गुप्त खात्याचं पाकीट तिकडच्या माणसाच्या हाती गुपचूप सरकवायचं. शिकवलेले नियम थोडकेच. त्यांतला सगळ्यात कडक हा, की परक्या गावात ओळखीच्याने हाक मारली तर मान वळवायची नाही.

आणि एका हिवाळ्यात व्हिएन्नाच्या फलाटावर हाक आलीच. "मेत्को!" अशी हाक त्याला दोघंच मारायचे, एक आई आणि दुसरा शेजारचा ओग्न्यान, जो देश सोडून पळाला होता. "मेत्को, थांब रे! आईला एवढंच सांग..." पाकीट बनियनच्या आत पोटाशी होतं. मेतोदी चालत राहिला. ओग्न्यानला आपल्या आईला काय सांगायचं होतं, ते त्याने ऐकून घेतलंच नाही.

पुढे ती कम्युनिस्ट राजवट गेली आणि आपला पोस्टमन इतिहासकार झाला. पुस्तकासाठी व्हिएन्नात चौकशी करताना, पळून आलेल्यांना खोल्या देणारी एक म्हातारी भेटली. ती म्हणाली, ओग्न्यान त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला. आता हे गावी येऊन सांगायला कितीसा वेळ लागतो? पण त्याच्यातला इतिहासकार आडवा आला. एका तोंडची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, दुसरा साक्षीदार हवा! तो शोधण्यात वर्षं गेली. खरं तर ते निमित्तच होतं. मरण सांगायचं तर फलाटही सांगावा लागला असता, आणि तिथे याची जीभ उचलत नव्हती. तेवढ्यात ओग्न्यानची आई वारली. बिचारी शेवटपर्यंत दाराला आतून कडी लावू देत नव्हती.

मागे राहिली ओग्न्यानची धाकटी बहीण नेवेना. मृतांच्या शनिवारी अख्खं गाव शिजवलेले गोड गहू घेऊन दफनभूमीत जातं आणि पाद्री गेलेल्यांची नावं पुकारतो. नेवेना आईवडिलांची नावं द्यायची आणि भावापाशी अडायची. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं आमच्याकडे मानतात.

यंदा आईच्या कबरीपाशी तिने मेतोदीच्या तळहातावर चमचाभर गहू ठेवले. "खा, दादा. पुस्तकं लिहून लिहून नुसता वाळलायस. सगळ्या जगाचे हेर सापडतात तुला, आमचा एक ओग्न्यान तेवढा सापडत नाही!"

मेतोदीने गहू तसेच तळहातावर ठेवले. "सापडलाय, नेवेना," तो म्हणाला. "केव्हाचाच. पाद्रीला त्याचं नाव दे."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. न्यूमोनिया, ती म्हातारी आणि फलाटसुद्धा. आता ही थोबाडीत मारणार, असं त्याला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. पण नेवेनाने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्याची बाही धरली.

"म्हणजे आपल्यातला तूच शेवटचा त्याच्यापाशी होतास. कसा दिसत होता रे? फार खंगला होता? अंगात धड कोट तरी होता का?"

"मी वळलोच नाही गं."

"मग गाडी सुटताना? खिडकीतून तरी?"

"पडदा ओढून घेतला होता."

नेवेनाने बाही सोडली. कबरीवरची माती तिने उगाचच सारखी केली.

"मग आईला काय सांगू मी आज?" ती म्हणाली.