सुमनकाकूचा बायकांचा खेळ

किन्हवलीहून फोन आला तेव्हा मी वर्गावर निघाले होते. "आई गेली," एवढंच चुलतभाऊ म्हणाला. त्याला महिना होऊन गेला, पण सुमनकाकू काही मनातून हलत नाही.

नव्वदच्या दशकात किन्हवलीत थिएटर नव्हतं. होतं ते काका-काकूचं व्हिडिओघर. भातगिरणीमागची पत्र्याची खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर, खाली ताडपत्री. काका शहापूरहून भाड्याने कॅसेटी आणायचा. संध्याकाळी पुरुषांचीच झुंबड, म्हणून काकूने दुपारी बायकांचा वेगळा खेळ सुरू केला. मी तेव्हा गावच्या शाळेत नवी शिक्षिका, काकूकडेच राहायचे. सुट्टीच्या दिवशी मीही बायकांत जाऊन बसे. बायका शेतातून तशाच चिखलाच्या पायांनी यायच्या आणि पोटभर रडून घरी जायच्या.

एके दुपारी पडद्यावर जत्रा चालू असताना डोंगरातल्या वाडीवरची जानकी ताडकन उभी राहिली. नायिकेच्या मागे, गर्दीत, फुगा धरलेली एक मुलगी क्षणभर वळून बघत होती.

"थांबव गो! माजी सोनी हाय ती."

सोनी आदल्या पावसाळ्यात तापाने गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. काकूने चित्र थांबवलं. जानकी पुढे सरकली आणि टीव्हीच्या काचेवर हात ठेवून बसून राहिली.

मग ती रोज येऊ लागली. खेळ संपला की काकू तिच्यासाठी तेवढाच तुकडा लावायची. "अगं, कॅसेट परत द्यायचीय," काका चिडला. "नाय देनार," काकू म्हणाली. जानकीला खरं काय ते सांगायला हवं, असं मीही काकूला बोलून पाहिलं.

"तिला ठावं हाय गो खरं. ती काय येडी हाय? बघू दे."

पण पुन्हा पुन्हा थांबवून फीत नेमकी तिथेच झिजली. मुलीच्या तोंडावर पांढऱ्या रेघा आल्या, आणि एक दिवस तोंडच उरलं नाही. जानकी बराच वेळ बघत राहिली. "गेली गो आता," म्हणाली, काकूच्या गालावरून हात फिरवून निघाली... ती पुन्हा आली नाही.

पुढे घरोघरी केबल आलं, व्हिडिओघरात पेंढा भरला. काकू मात्र टीव्हीसमोर बसली, की तिची नजर कायम मागच्या गर्दीत.

तिच्या बाराव्यानंतर आम्ही तिच्याच खोलीत बसलो होतो. भावाने सहज टीव्ही लावला. बाजाराचं दृश्य होतं. "बंद करू?" त्याने विचारलं. "राहू दे," मी म्हणाले. नायिका काहीतरी बोलत होती. तिच्याकडे आम्ही दोघेही बघत नव्हतो.