शेवयांचं डुक्कर

माझ्या बायकोचं नाव च्यूमोई. पूर्वी बाजारात तिला कोणी विचारलं, तू कोणाकडची गं, तर लोकच परस्पर सांगायचे, "ही आपल्या फान तेशंगची." आता मला थांबवून विचारतात, "तुम्ही त्या शेवयांच्या डुकरावालीचे यजमान ना?" मी मान डोलावतो आणि पुढे सटकतो. करणार काय?

तिची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या पोटाची सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. डुकराच्या पोटाचं चरबीदार मांस, सुकवलेल्या मोहरीच्या पाल्याबरोबर तासन्‌तास वाफवलेलं, असं समोर आलं की मी माणसात राहत नसे. लग्नघरी मी दारात दिसलो की आचारी आणखी एक भांडं चुलीवर चढवायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा! शेवटी पोटानेच दगा दिला. आतडं चिरावं लागलं. डॉक्टर तोंड पाडून बाहेर आले तेव्हा माझ्या आईने दवाखान्याच्या जिन्यातच देवळाच्या दिशेने हात जोडले आणि गावांसाठी लढून देव झालेल्या वीरपुरुषांना नवस बोलली, "माझा तेशंग उठून बसू दे. आपल्या गावाची पाळी येईल तेव्हा मानाचं डुक्कर वाहीन. साधंसुधं नाही, सगळ्यांत मोठं."

मी उठून बसलो. आई मात्र पुढच्या वर्षी गेली आणि नवस माझ्या गळ्यात पडला.

वीरपुरुषांच्या सातव्या महिन्यातल्या उत्सवाचा मान आमच्या डोंगरात गावोगाव फिरत असतो. एकदा पाळी हुकली की मग बरीच वर्षं वाट बघा. म्हणून ज्याची पाळी, त्या गावात घराघरांत चुरस लागते. कोणाचं डुक्कर जास्त वजनाचं भरतं? दोन वर्षं आधीपासून ते पोसायचं. त्याला डुक्कर म्हणायचं नाही, आजोबा म्हणायचं. त्यांच्यासमोर वाईटसाईट बोलायचं नाही. त्यांना पंखा, मच्छरदाणी, रोज आंघोळ. आणि जेवण? बाप रे! मला सासरवाडीलासुद्धा कधी एवढा आग्रह झाला नाही.

"आजोबांना मी पोसतोय," असं मी गावभर सांगत सुटलो. खरं म्हणजे पोसत होती च्यूमोई. माझं काम एवढंच, की चहाच्या दुकानात बसायचं आणि आजोबांचा घेर हात पसरून दाखवायचा. रोज हात थोडे जास्त पसरायचे.

च्यूमोईचं काय सांगू? बोलणं कमी. राग आला तर विळा घेऊन मुळे कापायला बसते, आणि त्या दिवशी कोणी जवळ जायचं नाही. शब्दाची इतकी पक्की की कधी कधी कपाळावर हात मारून घ्यावा. एकदा एका फिरत्या चटईवाल्याला ती म्हणाली होती, "पुढच्या खेपेला घेईन." तो उगवला दोन वर्षांनी. तोवर घरात चटयांची थप्पी लागली होती. तरी हिने घेतली. "म्हणाले होते ना," एवढंच तिचं म्हणणं.

तिच्या माहेरी डुकरांची मोठी शेड. त्यामुळे आजोबांची खोड अन् खोड तिला कळायची. शेवटच्या उन्हाळ्यात आजोबा उभे राहायचे बंद झाले. स्वतःचंच ओझं पायांना पेलेना. जखमा होऊ नयेत म्हणून आम्ही दोघं बांबू घालून त्यांची कूस बदलायचो. च्यूमोई बांबू लावायची, मी कण्हायचो. मग आजोबांनी खाणंही सोडलं.

शेजारचे ल्यू काका उत्सवाचे पुढारी. ते आले, बघितलं आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? नळीने घाला. वजनापर्यंत कळ काढायची. सगळे असंच करतात."

मग मी जबडा धरायचा आणि च्यूमोईने नळीतून पेज ओतायची, असं ठरलं. दोनचार दिवस जमलं. नंतर एका सकाळी आजोबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मी अंगठे घातले, गुडघा टेकवला, घामाघूम झालो. आजोबा ओरडले नाहीत, हलले नाहीत. हलता येत होतं कुठे म्हणा! एक डोळा तेवढा उघडा, आणि तो हिच्याकडे लागलेला.

च्यूमोईने पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"अहो, सोडा त्यांचं तोंड."

"अगं, वजन करायचा दिवस तोंडावर आलाय..."

"सोडा म्हणते ना!"

मी सोडलं. तिचा तसला आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो.

"दवाखान्यात तुमच्या नाकातून नळी घातली होती," ती म्हणाली. "नर्सला काय म्हणाला होतात, आठवतंय?"

मलाच काय, त्या वॉर्डातल्या भिंतींनाही आठवत असेल. 'मला मारून टाका पण ही काढा' असा मी टाहो फोडला होता. आणि त्या बिचारीच्या हाताला चावलो होतो.

"आजोबा तर चावतसुद्धा नाहीत," च्यूमोई म्हणाली.

"अगं पण, माणूस कुठे, डुक्कर कुठे?"

"नळी सारखीच आहे ना?"

मी नेहमीप्रमाणे चहाच्या दुकानाकडे निघालो, तर तिने मागून हाक मारली. "इकडे या. हे डुक्कर मी कापू देणार नाही."

नवस आईचा, जीव माझा! नवस मोडला आणि वीरपुरुषांनी दिलेलं परत मागितलं तर? त्या दिवसापासून मला पोटात बारीक कळ येऊ लागली. ही कळ भीतीची की कालच्या मटणाची, हेही कळेना. पण च्यूमोई अडून बसली. त्याच दिवसापासून तिने स्वतःच्या ताटातलं मांसही बंद केलं.

मी हुशारीने म्हणालो, "बरं, या आजोबांचं समजू शकतो. डोळ्यांत डोळे घातलेत. पण बाजारातलं मांस? ते कोण, कुठलं, आपण पाहिलंय का त्याला?"

"मी पाहिलंय," ती म्हणाली. "माहेरी शेडला लागूनच मी निजायचे. माद्या लोखंडी चौकटीत, वळायलासुद्धा जागा नाही. रात्रभर गज चावत बसायच्या. मी आईला विचारलं, तर म्हणाली, त्यांना सवय असते. कसली सवय हो? सवय आपल्याला झाली, त्या आवाजाची. मी तर त्यावर गाढ झोपायचे." मग तिने विळा ओढला आणि मुळे कापायला घेतले. मी गुपचूप अंगणात जाऊन उभा राहिलो.

शेवटी ठरलं की देवाला कौल लावायचा. चंद्रकोरीसारखे ते दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर 'हो'. दोन्ही पालथे तर 'नाही'. दोन्ही उताणे, म्हणजे देव नुसतेच हसले. ओळीने तीनदा 'हो' आलं तरच खरं.

देवळात गर्दी जमली. अशा बातम्या आमच्याकडे पाय लावून पळतात. च्यूमोईने उदबत्ती लावली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "वीरबाबांनो, खऱ्या डुकराऐवजी तांदळाच्या शेवयांचं मोठं डुक्कर करून वाहिलं तर चालेल का?"

देव हसले. पुन्हा टाकले, पुन्हा हसले. लोकही हसले.

ल्यू काका पुढे आले. "पोरी, प्रश्न अर्धा राहतोय. नवस कोणाच्या जिवासाठी होता? याच्या. मग शेवयांनी कसं भागेल? यानेही काही सोडायला नको का?"

सगळ्या देवळाने वळून माझ्याकडे पाहिलं. नेमकं माझ्या पोटाकडे. मी ते आत ओढायचा प्रयत्न केला.

च्यूमोईने माझ्याकडे बघितलंही नाही. देवालाच म्हणाली, "हेही मांस सोडतील."

माझं डोकं कधी नव्हे ते चाललं. आदल्याच दिवशी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. आजोबांचं काळीज चरबीत बुडालंय, कापा नाही तर नका कापू, फार दिवस काढायचे नाहीत, असं ते म्हणाले होते. म्हणून मी घाईघाईने ओरडलो, "हे डुक्कर जिवंत असेपर्यंत!"

"काय?" ल्यू काका म्हणाले.

"म्हणजे... हे डुक्कर जिवंत आहे तोवर मी मांसाला शिवणार नाही. असं विचारा."

च्यूमोईने जसंच्या तसं विचारलं. हो. हो. आणि हो. देऊळ दणाणून गेलं. मी मनात म्हटलं, फार तर दोनेक महिन्यांचा प्रश्न आहे, बेट्या. देवाला कसं गुंडाळलं!

उत्सवात इतरांची डुकरं नेहमीसारखी आली, सांगाड्यावर ताणलेली, तोंडात अननस, भोवती दिवे. आणि त्यांच्या रांगेत आमचं शेवयांचं डुक्कर. बांबूचा सांगाडा, त्यावर शेवयांच्या जुड्या, डोळ्यांना काळी बोरं. च्यूमोईने बांधलं होतं सुरेख, पण मी मदत केलेली बाजू बसली होती, त्यामुळे ते लंगडं दिसत होतं. "तेशंग, तुझ्यावर गेलंय रे!" असं म्हणत लोकांनी फोटो काढले. पूजा झाल्यावर शेवया घरोघरी वाटल्या. ज्यांनी टिंगल केली त्यांनीच जास्त नेल्या.

आणि मी वाट बघत बसलो.

नळी गेली, त्याच आठवड्यात आजोबांनी तोंड उघडलं होतं. च्यूमोईने रताळ्याचा कोवळा पाला समोर धरला तर हळूहळू चावून खाल्ला. ती तिथेच मातीत बसून रडली. मग तिने त्यांचं खाणं बेतशीर केलं, रोज पाय चोळले, पोटाखाली पट्टा घालून उठवायला लागली. पट्ट्याचं दुसरं टोक अर्थातच माझ्याकडे. आजोबा वाळत चालले. मीही वाळत चाललो. दोन महिने झाले, वर्ष झालं, आजोबा ठणठणीत! डॉक्टर बघायला आले तर म्हणतात, "कमाल आहे!" मी म्हटलं, "कमाल तर आहेच, तुमचं डोकं फोडावंसं वाटतंय."

लग्नघरी मी टोफू आणि बांबूचे कोंब पुढ्यात घेऊन बसायचो आणि आचारी माझ्याकडे सुतकी चेहऱ्याने बघायचे. चहाच्या दुकानात रोजचा प्रश्न ठरलेला, "काय तेशंग, आजोबा कसे आहेत?" आणि मग हशा. माझं पोट दुखायचं थांबलंय, जिना चढताना धाप लागत नाही, हे मी कोणाला सांगितलं नाही. उगाच च्यूमोईच्या कानावर जायचं.

पण आजोबांच्या पायांनी काही जोर धरला नाही. आजोबा पुढचे पाय टेकवून बसायचे, उन्हात तोंड करायचे, तेवढंच. उभे ते पुन्हा कधी राहिले नाहीत. आम्ही त्यांच्या देहाची जी नासाडी केली होती, ती भरून आली नाही. च्यूमोई म्हणायची, "एवढं तरी राहू द्या त्यांना." पट्टा ओढून ओढून मलाही त्यांची सवय झाली. ही बाजाराला गेली की मी हळूच जाऊन त्यांच्याशी गप्पा मारायचो. विषय बहुतेक वेळा जेवणाचाच.

अशी काही वर्षं काढून परवाच्या थंडीत ते गेले. सकाळी मी पाला घेऊन गेलो, तर मच्छरदाणीत निजलेलेच होते. अंग गार. आम्ही दोघांनी मिळून त्यांना चहाच्या मळ्याच्या कडेला पुरलं. खड्डा खणायला ल्यू काका आले होते. जाताना पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला, सुटलास रे तेशंग! आज तुझी चंगळ." मी हसलो. हसावं लागतं.

त्यांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो आणि तिथेच उगाच रेंगाळलो. दुपारी घरात आलो तर वास आला. तो वास मी मेल्यावरही ओळखेन. टेबलावर झाकलेलं भांडं. च्यूमोई समोर बसलेली, डोळे सुजून लाल. तिच्या पुढ्यात टोफू आणि मोहरीचा पाला. भांडं माझ्या बाजूला.

"हे काय?"

"डुक्कर जिवंत असेपर्यंत म्हणाला होतात. देवाने हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "व्रत संपलं तुमचं. बसा."

"तू केलंस?"

"मग कोण करणार? तुम्हाला वाफवता येतं का?"

मी झाकण काढलं. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू! जेवायच्या काड्या हातात घेतल्या, तुकडा उचलला. तो अगदी मला आवडतो तसा थरथरत होता. आणि माझी नजर तिच्या हातांवर गेली. नखांत अजून मळ्यातली माती होती. इतकी वर्षं जिने ताटात मांस घेतलं नाही, ती आजोबांना पुरून सरळ बाजारात गेली होती, ते विकत घेतलं होतं, याच हातांनी कापलं होतं, मीठ बरोबर आहे का ते न चाखता अंदाजाने शिजवलं होतं. का, तर मी दिलेला शब्द तेवढाच होता म्हणून. मी तो देवाला फसवायला दिला होता, आणि तरीही तिने तो पाळला होता.

मी तुकडा खाली ठेवला.

"काय झालं? कमी शिजलंय का?"

"नाही. उद्या देवळात जाऊ या. मला कौल लावायचाय."

"आता आणि काय विचारायचंय तुम्हाला?"

"तेच. फक्त डुक्कर जिवंत असेपर्यंत नको," मी म्हणालो. "मी जिवंत असेपर्यंत."

च्यूमोईने ते भांडं झाकलं, टोफूची वाटी माझ्याकडे सरकवली आणि बाहीने डोळे पुसत म्हणाली, "आधी जेवा. गार होतंय."