स्वतःच्या अक्षरातला अर्ज

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर एका म्हातारबांना खातं उघडायचा फॉर्म भरून देत होतो. आमच्या शाखेत फोन एकच, तोही मॅनेजरच्या टेबलावर. शिपायाने "चौगुले, माधवनगरहून फोन" असं सगळ्यांदेखत सांगितलं आणि मी पेन हातात धरूनच आत गेलो. पलीकडे दत्ताचे मामा होते. "भरत, दत्ता गेला रं… काल साताऱ्यात. काविळीनं. मेढ्याला नेला, उरकलं बी." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी बाहेर आलो आणि म्हातारबांचा फॉर्म पुरा केला. एकही खाडाखोड झाली नाही. तिशीचा माणूस दोन आठवड्यांत संपतो आणि आपला हात मात्र बिनचूक चालत राहतो, याचा मला त्या दिवशी राग आला. आज दीड महिना झाला, तो राग गेलेला नाही.

दत्ता सपकाळ मेढ्याजवळच्या एका डोंगरगावचा. वडील फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले; त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणत असू. मामा माधवनगरला मिलमध्ये कामाला, राहायची सोय होती, म्हणून तो सांगलीला बी. कॉम. करायला आला. मी सांगलीजवळच्याच एका जैन शेतकरी घरातला. पहिल्या वर्षी बाकावर शेजारी बसलो ते शेवटपर्यंत. एक्याण्णव साली दोघेही सेकंड क्लासमध्ये पास झालो. पेढे वाटले. पेढे खाणाऱ्यांनीच पुढच्या महिन्यापासून विचारायला सुरुवात केली, "काय, कुठं चिकटलास का?" त्या वर्षी सांगलीत गल्लीगणिक दोन-तीन बी. कॉम. असे न चिकटलेले हिंडत होते. एम्प्लॉयमेंटचं कार्ड काढायचं, ते वेळच्या वेळी रिन्यू करायचं, वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायचं आणि जाहिरातीचं पान दुसऱ्याच्या हातात पडण्याआधी आपल्या हातात घ्यायचं, हाच आमचा धंदा झाला होता.

आम्ही कामं वाटून घेतली होती. जाहिराती शोधणं, सर्टिफिकेटांच्या नकला काढणं, त्यांच्यावर सही-शिक्का देणारा एखादा साहेब गाठून त्याच्या दारात ताटकळणं हे माझ्याकडे. अर्ज लिहिणं दत्ताकडे. त्या काळात बहुतेक जाहिरातींत शेवटी एक ओळ असायची, 'अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात करावा.' माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दत्ताचं मोत्यासारखं, टपोरं, किंचित उजवीकडे झुकलेलं. तो कोऱ्या कागदावर रेघ न आखता लिहायचा आणि ओळ इकडची तिकडे व्हायची नाही. तेव्हा माझेही अर्ज तोच लिहायचा, मी खाली सही ठोकायचो. कोण बघतंय, असं आम्हाला वाटायचं. दोन वर्षं खरंच कुणी बघितलं नाही, कारण कुणी बोलावलंच नाही.

त्र्याण्णवमध्ये सांगलीतल्या एका सहकारी बँकेची जाहिरात आली. दत्ताने एका बैठकीत दोन अर्ज लिहिले, मी ते एकाच पेटीत टाकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोघांनाही मुलाखतीला बोलावलं, एकाच दिवशी. आडनावांच्या क्रमाने मी आधी गेलो. तिघे बसले होते. मधले गृहस्थ निवृत्त हेडमास्तर असावेत, कारण माझा नमस्कार घेण्याआधी त्यांनी माझ्या नखांकडे पाहिलं. मग त्यांनी टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

"चौगुले, हे दोन्ही एका हातचे आहेत. कुणी लिहिलेत?"

"मी," असं मी म्हणालो. पुष्कळ विचार करून म्हणालो असं सांगायला मला आवडलं असतं, पण विचार केलाच नव्हता. तोंडातून निघून गेलं. त्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "सपकाळचं अक्षर तितकंसं बरं नाही, सर." हे दुसरं वाक्य मला कुणीही विचारलं नव्हतं. टेबलावर कागद होता, पेन होतं. 'दोन ओळी लिहून दाखवा' एवढं ते म्हणाले असते तर तिथेच निकाल लागला असता. म्हणाले नाहीत. जेवायची वेळ झाली होती आणि माझ्या मागे अजून बरेच जण होते.

त्यांनी क्रम सोडून सपकाळलाच पुढे बोलावलं; मी बाहेर येताना दत्ता दारातच उभा होता. त्याला सावध करायला मला एक शब्द पुरला असता. मी त्याच्याकडे न बघता पुढे गेलो. दोन मिनिटांत तोही बाहेर आला आणि मला समोरच्या टपरीवर घेऊन गेला. त्याने दोन चहा सांगितले.

"दोनी अर्ज तू लिवलेस म्हनं," तो म्हणाला. "मी व्हय म्हनालो."

"का रं?"

"मग काय म्हनू? भरत खोटं बोलतोय म्हनू? तू बी घरी, मी बी घरी. त्यापरास एक तरी लागंल." मग बशीत चहा ओतता ओतता त्याने विचारलं, "माजं अक्षर बरं न्हाई व्हय रं?" आणि हसला. मला हसता आलं नाही. "घरी सांगू नगंस," एवढंच तो उठताना म्हणाला.

मला नेमणुकीचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता आमच्या घरी हजर, हातात पहिलीतल्या पोराची असते तशी दुरेघी वही. "जॉइन झालास की लिवाय लावतील. पयल्याच दिवशी घावशील." पुढचे पंधरा दिवस मामांच्या ओट्यावर आमची शाळा भरली. बी. कॉम. झालेला मी 'अ आ इ ई' गिरवत होतो आणि ज्याची नोकरी मी घेतली होती तो शेजारी पट्टी घेऊन बसला होता. 'क'चं पोट भरत नाही, 'श'ची गाठ सुटते, 'ल' उताणा पडतो… चुकलं की बोटांवर पट्टी. मामा मिलमधून पाळी करून यायचे आणि म्हणायचे, "भले! पदवी झाली, आता बालवाडी." त्यांना वाटायचं पोरांचा काहीतरी खेळ चाललाय. एका सकाळी दत्ताने माझं पान उचललं, आपलं पान शेजारी धरलं, बराच वेळ बघत बसला. "जमलं गड्या तुला," तो म्हणाला. मग वही मिटली. "एवढं एक व्हतं माज्यापाशी…" आणि पाणी प्यायला म्हणून आत गेला. परत आला तो नेहमीसारखाच. "चल, आता इंग्रजी काढ," म्हणाला. त्याने माझ्याशी भांडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. निदान त्या सकाळी तरी.

त्यानंतर त्याला दोन वर्षं काहीच मिळालं नाही. तलाठ्याची परीक्षा, एस.टी.ची क्लार्कची जागा, कुठे यादीत नाव नाही, कुठे यादीच लागली नाही. शेवटी तो साताऱ्याला गेला आणि एमआयडीसीत एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. तिथे अर्जात त्याने 'दहावी पास' एवढंच लिहिलं होतं. पदवीवाला हेल्पर कुणालाच नको असतो; तो टिकत नाही, शिवाय वाद घालतो, असा समज. सहा-सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरा कारखाना, पुन्हा 'दहावी पास'. मी रजा काढून भेटायला जायचो. त्याच्या खोलीत डिग्रीची सुरनळी ट्रंकेच्या तळाशी असायची, कुणाला दिसू नये म्हणून. नोकरी पक्की नाही म्हणून लग्न लांबलं ते लांबलंच. आमच्या बोलण्यात बँकेचा विषय निघायचा नाही. मी काढला नाही, आणि तो काढणारा नव्हता.

तेराव्याला मी मेढ्याला गेलो. कॉलेजात असताना आबा मला 'भरत, तू' म्हणायचे. बँकेत लागल्यापासून 'भरतराव, तुमी' झालो. माणसं पांगल्यावर आबांनी मला शेजारी बसवून घेतलं. "लय बोललो वो मी त्याला," ते म्हणाले. "जेवताना बोलायचो. भरतराव बघ म्हनायचो. एकाच बँकेत गेला व्हतासा दोघं. भरतरावाचं अक्षर बगून घेतलं म्हनं सायबांनी. मग तुजं काय आडलं? मान खाली घालून जेवायचा. येकदा बी उलटून बोलला न्हाई…"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग ते म्हणाले, साताऱ्याच्या नगरपालिकेत मृत्यूच्या दाखल्याला अर्ज द्यायचाय, तेवढा लिहून द्या. मी लिहिला. आबांनी कागद हातभर लांब धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. फौजेत असताना त्यांना घरची पत्रं दत्ताच्या हातची जायची, तो तिसरी-चौथीत असल्यापासून. "ह्ये तर… दत्त्याचंच हाय," ते म्हणाले.

"एकत्र शिकलो न्हवं, आबा. थोडं सारखं झालं," मी म्हणालो. मुलाखतीत एकदा आणि त्या घरात एकदा, असं मी दत्ताला दोनदा खोडलं.

हा मजकूर मी हाताने लिहून पाठवतोय. माझं जुनं अक्षर मला आता येत नाही. प्रयत्न करून पाहिला, दुसऱ्याच ओळीला 'क'चं पोट आपोआप भरलं. छापल्यावर यातलं काही दिसणार नाही. मेढ्याला या पेपरचा रविवारचा अंक दुपारच्या एस.टी.ने येतो आणि आबा पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. म्हणून इथे लिहितोय. बँकेत याचं काय व्हायचं ते होवो.

आबा, ते दोन्ही अर्ज दत्तानं लिहिले होते. साहेबांना आवडलं ते अक्षर त्याचं होतं. त्याचं काहीही अडलं नव्हतं. तुम्ही जेवताना विचारत होता तेव्हा त्याला उत्तर येत होतं, आबा. तो मला सांभाळत होता.