हरायला मुद्दे हवेत

"हं, पाड बघू मला खोटं!"

दर गुरुवारी काउंटरवर दोन टिचक्या मारून आजोबा हेच म्हणायचे. म्हणायचे अर्थात इंग्रजीत, पण माझ्या कानात ते मराठीतच बसलंय. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या न्यू लिनच्या आमच्या फार्मसीत ते ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येत. भर थंडीत पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, डोक्यावर विटलेली टोपी आणि तोंडात एकच विषय, ऐंशी वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन बेसबॉलपटू. बॉल टाकण्यात पटाईत आणि मारण्यातही. त्याच्या तोडीचा खेळाडू झाला नाही आणि होणारही नाही, असं आजोबांचं ठाम मत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑकलंडला अमेरिकन सैनिकांचा तळ होता, त्यांच्याकडून लहानपणी हे वेड लागलेलं. मी त्यांना 'आजोबा'च म्हणायचे. अर्थ सांगितला तेव्हा भलतेच खूश झाले होते.

आता तुम्हीच सांगा, आपल्याला बेसबॉलमधलं काय कळतं? मला तर त्यात धाव कशी मोजतात हेही ठाऊक नव्हतं. पण मी पडले पुण्याची. समोरचा माणूस इतकं ठासून बोलायला लागला की मला गप्प बसवत नाही.

"हल्लीचे खेळाडू त्याच्यापेक्षा लांब मारतात म्हणे," मी पेपरात वाचलेलं ठोकून दिलं.

"हो, तुझ्याच दुकानातली औषधं खाऊन!"

त्या वर्षांत बेसबॉलवाल्यांच्या ताकद वाढवणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्या सारख्या येत होत्या, त्यामुळे तो वाद मी हरले. गंमत म्हणजे आजोबा माझा पडलेला मुद्दासुद्धा पावतीच्या पाठीमागे लिहून घ्यायचे. रांगेतल्या माणसांनाही सोडायचे नाहीत. मला वाटायचं, काय हा माणूस! जिंकतोय तर जिंकतोय, वर लिहून कशाला घेतोय?

एका गुरुवारी ते आले तेच दमलेले. टिचक्यासुद्धा हळूच मारल्या. माझ्या मनात आलं, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाशी किती हुज्जत घालायची? वडीलधाऱ्यांचं मन राखावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं.

"आजोबा, तुमचंच खरं," मी म्हटलं. "त्याच्यासारखा दुसरा नाही."

मला वाटलं, कळी खुलेल. कसलं काय! चेहरा पार उतरला. गोळ्या उचलल्या आणि चालू लागले. घ्या! वाद घाला तर घाला, मान्य करा तर रुसवा. माझं तर डोकंच फिरलं.

पुढच्या गुरुवारी मी सरळच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

रांगेत कुणी नव्हतं. आजोबा काउंटरला टेकून उभे राहिले. त्यांची बायको जवळच्याच रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात होती, स्मरणशक्ती गेलेली. दोन महिने झाले, एरवी त्यांना ओळखत नव्हती. नर्सला सांगायची, "भला माणूस आहे हो, रोज येतो मला भेटायला."

"पन्नास वर्षं आम्ही या खेळाडूवरून भांडलो," ते म्हणाले. "ती कायम त्याच्या विरुद्ध. अजूनही भांडण रंगलं की मी तिला ओळखू येतो. तेवढ्यापुरता मी नवरा असतो. पण स्वतःचे मुद्दे ती विसरलीय. म्हणून मी तुमच्याकडून गोळा करतो आणि बोलता बोलता तिच्यापुढे टाकतो. मागच्या आठवड्यात टाकायला काहीच नव्हतं. नुसती खिडकीबाहेर बघत बसली."

आणि मी बाई मन राखायला निघाले होते!

"थांबा," मी म्हटलं. "माझे मामा आमच्या सोसायटीत कॅरमचे चॅम्पियन होते. मामींना मात्र बोर्डाला हात लावू द्यायचे नाहीत. मामी दुपारी एकट्याच खेळायच्या, आणि काय खेळायच्या! त्यांच्याशी कधी खेळलेच नाहीत, मग मामा कसले चॅम्पियन? तुमच्या खेळाडूच्या काळी सगळ्यांना खेळू देत होते का?"

आजोबांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. मग म्हणाले, "नाही. काळ्या खेळाडूंना त्या लीगमध्ये घेत नसत. त्यांची लीगच वेगळी होती."

"मग?"

"मग काय! याला माझ्याकडे उत्तर नाही," असं म्हणत त्यांनी खिशातून पावती काढली. हरलेल्या माणसाला इतक्या आनंदाने लिहिताना मी तरी पाहिलेलं नाही.

त्या शनिवारी रेस्ट होमच्या गोळ्या पोचवायला मी स्वतःच गेले. दुसरं कुणी जाणार होतं, पण मला राहवेना. व्हरांड्यातूनच आवाज ऐकू आला.

"ज्यांना खेळूच दिलं नाही, त्यांच्याहून हा मोठा कसा?" बाईंचा आवाज चांगलाच चढला होता.

"अगं, पण त्याचे आकडे बघ ना..."

"आकडे कुणाला सांगतोस?"

मी दारात थबकले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आजोबांची बाही घट्ट धरली.

"हा माझा नवरा," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं झाली, अजून चुकतोच आहे."

माझा जीव भांड्यात पडला. आजोबांचे डोळे भरून आले होते, पण गडी मान्य करेल तर शपथ. बाहीवरचा तिचा हात जराही हलू न देता ते खणखणीत आवाजात म्हणाले, "साफ चूक! आता माझं ऐक."