एका मुलासाठी बाटली

टोचणीबाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की सगळ्यात आधी मुलं गायब होतात. कोणी पिंपामागे, कोणी पलंगाखाली. एक पठ्ठ्या तर एकदा पाण्याच्या टाकीवर चढून बसला आणि वरून ओरडायला लागला, "मी घरी नाहीये!"

"तू घरी नाहीस तर ओरडतंय कोण?" बाईंनी खालून विचारलं.

"माझा भाऊ!"

"मग भावाला पाठव खाली. त्याचाही डोस राहिलाय."

अख्खी गल्ली हसली. मग मुलगा खाली आला, टोचून झालं, त्याने भोकाड पसरलं, आई त्याला उचलून आत गेली आणि दार लोटलं गेलं. बसा म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही. दारामागून नेहमीचं वाक्य आलं, "गेली हं ती बाई, गेली." एकतीस वर्षं टोचणीबाई हे वाक्य दाराच्या बाहेर उभ्या राहून ऐकत आल्या आहेत. मुलं रडायची थांबतात, म्हणजे वाक्य कामाचं आहे, असं त्या म्हणतात.

त्यांचं लसीकरण केंद्र म्हणजे बस जिथे वळून परत जाते तिथली दोन खोल्यांची बैठी इमारत. पुढच्या खोलीत लसींचा फ्रीज, वजनकाटा आणि एक बाक. मागच्या खोलीत बाई स्वतः. मधलं दार रात्रीही उघडंच असतं, कारण फ्रीजचा आवाज बंद पडला तर कळायला हवं. इतक्या वर्षांत त्यांना त्या घरघरीशिवाय झोप येईनाशी झाली आहे. एकदा भावाकडे राहायला गेल्या तर रात्रभर टक्क जाग्या.

"आमच्याकडे काय कमी पडलं गं?" वहिनीने सकाळी विचारलं.

"आवाज," बाई म्हणाल्या.

वहिनीचा फोन दर रविवारी अकराच्या ठोक्याला येतो.

"काय गं, खाल्लंस का काही?"

"खाल्लं."

"एकटीने?"

"नाही, बँड लावून."

"मस्करी पुरे. एकतीस वर्षं सुया खुपसतेयस, तुझ्या हातून बरा झालेला एक माणूस दाखव मला. आमच्या शेजारच्या डॉक्टरांना बघ, पेशंट फळांच्या करंड्या आणून देतात."

"माझ्याकडे बरी होणारी माणसं येतच नाहीत, वहिनी. आजारी न पडणारी येतात."

"मग तुला ओळखणार कोण?"

"कोणी नाही. तीच तर गंमत."

फोन ठेवला की ती गंमत फार वेळ टिकत नाही. मग बाई उगाचच फ्रीजचं तापमान बघून येतात.

बुधवार लसीचा. त्या दिवशी बाई सकाळी पाणी गोठवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढून टेबलावर ओळीने मांडतात. लगेच लसीच्या डब्यात भरायच्या नाहीत, फार गार पट्टी काही लसींना मारते. थोडा वेळ थांबायचं आणि एकेक पट्टी कानाशी धरून हलवायची. आत पाणी डुचमळलं की पट्टी तयार. बुधवारी बाईंशी सगळ्यात आधी बोलतं ते हे पाणी.

गोवरच्या लसीचं आणखी एक आहे. एका बाटलीत दहा मुलांची लस. एकदा पाणी घालून कालवली की चार तासांत द्यायची, उरेल ती फेकायची. सूचनांच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे की एकच मूल आलं तरी बाटली उघडा. पण दर महिन्याच्या बैठकीत मोठे साहेब कोणाची किती लस वाया गेली ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. वीसेक वर्षांपूर्वी एकदा टोचणीबाईंचा आकडा सगळ्यात मोठा निघाला होता. "बाई काय लसीने भांडी घासतात का?" साहेब म्हणाले, आणि सभागृह खदखदून हसलं. ते साहेब कधीच बदलून गेले. बाईंनी मात्र त्या दिवसापासून पाच मुलं जमल्याशिवाय बाटली उघडली नाही.

तर अशाच एका बुधवारी, साडेबाराला, सगळं आवरत आलेलं असताना दारात एक बाई उभी राहिली. रस्त्याचं काम चाललं होतं तिथे लाल झेंडी दाखवून गाड्या थांबवणारी. झेंडी अजून काखेतच होती, आणि कडेवर मूल.

"गोवरची सुई द्यायचीय. परवा नऊ महिने झाले याला."

"एकटीच आलीस?"

"हा आहे की."

"तसं नाही गं. बाटली उघडायला पाच तरी मुलं लागतात. सकाळी तीनच आली, तीही परत पाठवली."

"पाच?" झेंडीवालीने खोलीभर नजर फिरवली. "मला तर एकच आहे. बाकीची चार काय घाईघाईत होतात?"

बाईंना हसू आलं. झेंडीवालीही हसली. मुलाने तेवढ्यात बाईंच्या खिशातलं पेन पकडलं आणि सोडेचना. टोचणीबाईंना पाहून हसणारं मूल विरळाच.

"टोचायच्या आधी सगळी अशीच लाघवी असतात," बाई त्याची बोटं एकेक करून सोडवत म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी ये. त्या दिवशी गर्दी असते, नक्की होईल."

"पुढच्या बुधवारी?" तिने तो शब्द नवीन चप्पल घालून बघावी तसा म्हणून बघितला. "बघते. आज अर्धा दिवस बुडवून आलेय."

पुढच्या बुधवारी सात मुलं आली. बाईंनी बाटली उघडली, वर वेळ लिहिली, सातजणांना दिली आणि उरलेल्या तीन डोसांपाशी बसून राहिल्या. दोन वाजले. अडीच. रस्त्यावर कोणी दिसलं की त्या उठून दाराशी जात होत्या. चार तास भरले तेव्हा त्यांनी बाटली फेकायच्या पिशवीत टाकली.

त्याच संध्याकाळी निरोप आला की नदीपलीकडच्या वस्तीत गोवरची सहा मुलं निघाली, त्यातलं एक फार आजारी आहे.

सकाळी उठून बाई चालत रस्त्याच्या कामावर गेल्या. रस्ता तयार होता, काळाभोर, गुळगुळीत. कडेला तीन दगडांच्या चुली होत्या, त्यांतली राख थंड. एक राखणदार रिकामी पिंपं मोजत होता.

"ती झेंडीवाली? गेली की सगळी. शनिवारीच. आता मोठ्या पुलापाशी काम आहे."

"शनिवारी?" म्हणजे त्यांनी बुधवार सांगितला त्यानंतर तिसऱ्याच दिवशी.

"काम सरकलं की माणसं सरकतात, बाई. रस्त्याला कुठे रविवार-बुधवार कळतो?"

परतताना बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्या बाईचं घरच दर दहा दिवसांनी पुढे जातं, तिला आपण पुढचा बुधवार दिला. आपल्याकडे बुधवारांची रास पडली आहे, म्हणून दिला.

रविवारी सकाळी त्यांनी पट्ट्या काढल्या, कानाशी हलवल्या, निळ्या डब्यात भरल्या. मध्ये गोवरची एक बाटली, तिचं पाणी आणि सुया. साठ्याच्या वहीत नोंद केली आणि नऊची बस पकडली.

"काय मावशी, मासे?" कंडक्टरने डब्याकडे बोट दाखवलं. चाळिशीला टेकलेला, गळ्यात पिशवी, तोंडात सतत काहीतरी.

"नाही. लस आहे."

"मग मांडीवर घ्या. सीटवर ठेवली तर तिचं तिकीट फाडावं लागेल. कुठला स्टॉप?"

"मोठा पूल."

"तिथे कोणी उतरत नाही."

"मी उतरणार आहे."

पूल अर्धा बांधलेला होता. गाड्या एका बाजूने सोडत होते आणि या टोकाला, डोक्याला फडकं बांधून, झेंडीवाली उभी. मूल सावलीत, आडव्या कापलेल्या पिंपात गोधडीवर बसलेलं. डबा घेऊन येणाऱ्या बाई दिसल्या तशी तिची झेंडी हातातल्या हातात खाली आली आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला.

"तुम्ही? इकडे कुठे?"

"तुझा बुधवार राहिला होता."

"अहो, आम्ही तर..."

"मला माहितेय. चूक माझी. ताप वगैरे आहे का याला?"

"ठणठणीत आहे. पण इथे पाच कुठून आणू? दोन मुलं होती, त्यांना त्यांच्या बापाने काल घरी नेलं."

"एक पुरे," बाई म्हणाल्या.

त्यांनी हात धुतले, बाटलीचं झाकण काढलं. बरोबर त्या वेळी पर्समधला फोन वाजायला लागला. अकरा. वाजून वाजून बंद पडला, पुन्हा वाजला नाही. बाईंनी लस कालवली, बाटलीवर अकरा दहा लिहिलं आणि मुलाचा उजवा दंड धरला. त्याने आधी पेनासाठी हात पुढे केला, सुई लागली तशी एक क्षण दगा झाल्यासारखं बघितलं, आणि मग पूल दणाणून सोडला.

झेंडीवालीने त्याला उचलून थोपटलं. "गेली हं, गेली ती बाई..." म्हणता म्हणता तिची नजर समोर गेली. बाई तिथेच, दगडावर. तिने जीभ चावली. "बसलीय हं ती बाई. बसलीय."

टोचणीबाईंनी मान खाली घालून कार्डावर तारीख लिहिली. लिहायला जरा जास्तच वेळ लागला.

"अर्धा तास थांबायचं," त्या म्हणाल्या. "काही त्रास होतोय का ते बघायला."

"थांबा की. मुकादम जेवायला गेलाय." तिने आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. मग हळूच विचारलं, "पण इकडे तुमचं कोण असतं?"

"कोणी नाही."

"मग आलात कोणाकडे?"

"तुझ्याचकडे."

झेंडीवालीला ते काही पटलं नाही. असेल कोणी, सांगत नसतील, असा चेहरा करून ती झेंडी घेऊन उठली.

पाऊण वाजता मुकादमाने तिला पुलाच्या दुसऱ्या टोकाला बोलावलं. तिने पिंपातून मूल उचललं, कार्ड ब्लाउजमध्ये खोचलं. "येते हं," म्हणाली आणि गेली. मूल खांद्यावरून मागे बघत होतं, ते गाड्यांच्या धुळीत दिसेनासं झालं.

बाटलीत नऊ डोस होते आणि वेळ तीन दहापर्यंत. बाई दगडावर बसून राहिल्या. थांबलेल्या गाड्यांच्या खिडक्यांशी जाऊन विचारत राहिल्या.

"मुलं आहेत का आत? नऊ महिन्यांच्या वरची?"

"खडी आहे, मावशी," ट्रकवाला म्हणाला. "दीड वर्षाची होईल."

एका गाडीत मांडीवर मूल घेतलेली एक आई होती. "हिला झालीय गोवरची."

"कुठे दिली?"

"होत्या एक बाई. कोण ते नाही आता आठवत."

"छान," बाई म्हणाल्या, आणि काच वर गेली.

तीन दहाला त्यांनी बाटली वेगळ्या पिशवीत ठेवली. साडेतीनला सकाळचीच बस परत आली.

"संपला का माल?" कंडक्टरने विचारलं.

"नाही. एक दिला, नऊ वाया गेले."

"एकासाठी एवढं लांब?" तो शिट्टी घालता घालता थांबला आणि समोरच्या सीटवर टेकला. "माझ्या पोरीची पण एक राहिलीय बघा. कुठली असते ती, गोवरची का काय. चौदा महिन्यांची झाली. बायको तीनदा जाऊन आली. दरवेळी म्हणे पाच मुलं नाहीत, पुढच्या बुधवारी या. चौथ्यांदा नाही गेली. म्हणाली, नशिबात असेल तेव्हा होईल."

"कुठल्या केंद्रात?"

"हेच की. बस वळते तिथलं." मग त्याने डब्याकडे नीट बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि घाईघाईने म्हणाला, "म्हणजे तुमचं काही नाही हो. नियमच असेल तसा."

"नियम नाही," बाई म्हणाल्या. "सवय आहे. माझी."

कंडक्टर पिशवीतली चिल्लर उगाच वाजवत राहिला.

"मग आता द्या ना," तो एकदम म्हणाला. "नऊ आहेत म्हणता. पुढच्याच चौकात घर आहे, बस दोन मिनिटं थांबवतो."

"तीन दहाला संपली तिची वेळ. आता द्यायची नाही. चालणार नाही."

"वीस मिनिटांनी काय होतंय?"

"चालणार नाही," बाई पुन्हा म्हणाल्या. नऊ डोस मांडीवर होते आणि त्यांतला एकही कोणाचा नव्हता.

"बरं," कंडक्टर उठला. "मग कधी आणू तिला?"

"पुढच्या..." टोचणीबाईंच्या तोंडून शब्द सुटला, इतक्या वर्षांच्या सवयीने. त्यांनी तो तिथेच गिळला. डबा दोन्ही हातांनी धरला. आतल्या पट्ट्यांत आता नुसतं पाणी होतं, बसच्या प्रत्येक धक्क्याबरोबर ते वाजत होतं.

"उद्या सकाळी घरी कोण असतं तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"बायको असते. पोरगी असते. का?"

"कुठला चौक म्हणालात?"