कार्डावरचं नाव

१५ फेब्रुवारी २००५, मंगळवार. रजा घेतली होती आणि दोन किलो मटार सोलायला बसले होते. अर्धे झाले तेव्हा फोन आला : जीप अर्ध्या तासात दिंडोरी नाक्यावर पोचेल. परात झाकून निघाले.

त्या काळात मी एका संगणक प्रणालीचं मराठीकरण करत होते. जगभरातले हौशी लोक ती बिनपगारी बांधत आणि कुणालाही फुकट देत. ती संगणकावर चढवताना पडद्यावर जे प्रश्न येतात, ते मराठीत आणणं माझ्याकडे होतं. पण मी सभासद नव्हते. माझं प्रत्येक काम दुसऱ्याच्या सहीने पुढे जायचं. सभासद व्हायचं तर जुन्या सभासदाने समोरासमोर भेटून, सरकारी ओळखपत्र बघून, माझी संगणकावरची सही माझीच असल्याची ग्वाही द्यायला हवी होती. नाशकात असं कुणी नव्हतं. ठाण्याचा एक जण आईला घेऊन वणीला निघाला होता, तो वाटेत थांबणार होता.

दोन वर्षं आमच्या मेल चालू होत्या, पण तो दिसला पहिल्यांदाच. सहीची ओळख म्हणून चाळीस आकडे-अक्षरांची एक ओळ असते, तिची छापील चिठ्ठी मी दिली. निवडणूक कार्ड दिलं. त्याने दोन्ही जीपच्या बॉनेटवर शेजारी ठेवली.

"ताई, नाव जुळत नाही."

चिठ्ठीवर माहेरचं नाव, कार्डावर नवऱ्याचं. घटस्फोटाला चार वर्षं झाली होती, कार्ड बदलायचं राहून गेलं होतं. लायसन्स काढलं. त्यावरही तेच.

त्याची आई जीपमधून म्हणाली, "अरे, रोज पत्रं लिहितोस ना हिला? मग ओळखत कसा नाहीस?"

"मेल गं आई, पत्रं नाही. आणि ओळखतो मी. नियम आहे."

"मोठा फौजदार लागून गेलाय! मनावर घेऊ नका हो, घरी दूधवाल्याकडेही पावती मागतो."

तो ओशाळला. "संध्याकाळी याच वाटेने परत येतोय. तोवर कार्डावरच्या नावाने नवी सही तयार करा, लगेच ग्वाही देतो. पुन्हा इकडे कोण कधी येईल, सांगता येत नाही."

सल्ला व्यवहारी होता. मीही दुसऱ्या कुणाला तोच दिला असता.

घरी येऊन उरलेले मटार सोलले, मग संगणकाशी बसले. नावाच्या रकान्यात सासरचं नाव टाइप केलं. न अडखळता झालं. बघत राहिले. राग नाही, रडू नाही. कोर्टातून आले त्या दिवशीही मी येऊन कुकरच लावला होता. पण दोन वर्षांत केलेल्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर माहेरचं नाव होतं. दुसरीकडे कुठेच ते राहिलं नव्हतं. रकाना पुसला.

संध्याकाळी नाक्यावर त्याला सांगितलं, "नाही केली."

"मग?"

"थांबते."

"बरं. तोवर तुमचं काम माझ्या सहीने पाठवत राहीन."

आईने प्रसादाची पुडी हातात दिली. "देवीने नाही विचारलं हो कुणाचं कार्ड," लेकाकडे बघत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा कळवली, कपाटातून निकालपत्राची प्रत काढली आणि कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे प्रतिज्ञापत्रासाठी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे सहा जण होते.